थांबती गाडी

प्रास्ताविक

बंद पडलेले वाहन सुरू झाले की ते दुरुस्त झाले, असे आपण समजतो. ते वेळेवर थांबते की नाही, हा प्रश्न मात्र पुष्कळदा मागे राहतो. प्रस्तुत पाठात लेखकाने एका जुन्या पिकअप गाडीचे ब्रेक घरी दुरुस्त करतानाचा अनुभव सांगितला आहे. पाठ वाचताना प्रत्येक कृतीमागील कारणाकडे लक्ष द्या.

मूळ पाठ

ओतूरजवळच्या आमच्या घरामागे वडिलांची पिकअप गाडी चार वर्षे उभी होती. आजारपणामुळे त्यांचे गाडी चालवणे सुटले आणि गाडी पालापाचोळ्याने झाकून गेली. त्या वर्षी टोमॅटोचे पीक चांगले आले होते. परंतु भाड्याच्या टेम्पोतच नफा निघून जाई. मी नवी बॅटरी बसवली आणि इंजिन सुरू झाले.

"अण्णा, उद्याच कल्याणला माल नेतो," मी हर्षाने म्हणालो.

"चालती गाडी कोणीही दाखवील," ते ओसरीवरून म्हणाले. "तू थांबती गाडी दाखव, मग घाट उतर."

मी ब्रेकचे पेडल दाबले. ते थेट तळाला टेकले. चार वेळा भराभर दाबल्यावर थोडी पकड आली. असेच दाबत दाबत जावे, असा मोह क्षणभर झाला. पण वाटेत माळशेज घाट होता.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम मी शाळेत शिकलो होतो. पायाचा जोर याच नियमाने ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत जातो. नळीत हवा शिरली, तर ती आकुंचन पावते आणि तो जोर वाया जातो.

सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावून मी मागची बाजू जॅकने उचलली आणि भक्कम स्टँडवर टेकवली. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, ही अण्णांची ताकीद होती. गंजलेला ड्रम हलके ठोकून काढला. व्हील सिलिंडरमधून ऑइल गळून लायनर भिजले होते. आतील धूळ मी फुंकणार, तोच अण्णांनी हात धरला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. म्हणून ती ओल्या फडक्याने टिपून घेतली.

दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि लायनर नवे बसवले. पुढच्या चाकांचे कामही त्याच काळजीने केले. एक लोखंडी नळी मात्र गंजून पातळ झाली होती. ते काम मी अनुभवी मिस्त्रींवर सोपवले. आपल्या हाताची मर्यादा ओळखणे, हेही कौशल्यच आहे.

शेवटी हवा काढण्याचे काम उरले. धाकटी बहीण पेडलवर पाय देऊन बसली. ती "दाबलं, दादा!" म्हणे, मी निपल सैल करी आणि तिने पाय उचलण्यापूर्वी पुन्हा आवळी. बुडबुड्यांसह काळे ऑइल बाटलीत येत होते. वरच्या टाकीत ताजे ऑइल आम्ही सतत भरत राहिलो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रकारच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो; ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. लांबच्या उतारावर ब्रेक तापून असे ऑइल उकळले, तर त्याची वाफ होऊन पेडल निकामी ठरते.

पेडल कडक झाले. आधी अंगणात, मग मोकळ्या रस्त्यावर थोडे वजन भरून मी ब्रेक पाहिले. तपासणी होऊन योग्यता प्रमाणपत्र मिळाल्यावरच माल भरला. अण्णा शेजारी बसले. लहान गिअरमध्ये आम्ही घाट उतरलो. पायथ्याशी ते खाली उतरले आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन कोणते अधिक तापले आहे का, ते पाहिले. मग शांतपणे म्हणाले, "चल आता बाजाराला."

शब्दार्थ

ओसरी – घराची पुढील पडवी
ताकीद – सक्त सूचना
उत्कलनबिंदू – द्रव उकळू लागण्याचे तापमान

पाठावर आधारित प्रश्न

१. 'थांबती गाडी दाखव' या उद्गारातून अण्णांचा कोणता स्वभाव दिसतो?
२. ब्रेक ऑइल जुने झाल्यास घाटात कोणता धोका संभवतो?
३. लेखकाने नळीचे काम मिस्त्रींवर का सोपवले?
४. तुमच्या कामात घाईचा मोह टाळल्याचा एक प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा.