रिकामी खुर्ची

इ. स. १९०२ साली स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी आल्बर्ट आइन्स्टाइन हा तरुण शिकवण्या शोधीत होता. त्याची जाहिरात वाचून सोलोविन नावाचा विद्यार्थी आला. मागाहून हाबिष्ट येऊन मिळाला. शिकवणी बाजूस राहिली व तिघांची मैत्री जडली. चीज, फळे व चहा यांवर भूक भागवून ते रात्री ग्रंथ वाचीत आणि तावातावाने वाद घालीत. एका वाढदिवशी मित्रांनी माशांची महागडी अंडी आणली. आइन्स्टाइन गॅलिलिओविषयी बोलतच राहिला. आपण काय खाल्ले, हे त्यास कळलेच नाही! या बैठकीस त्यांनी थट्टेने ‘ऑलिम्पिया अकादमी’ असे भारदस्त नाव दिले होते.

पुढे तिघांच्या वाटा निराळ्या झाल्या. १९५३ च्या मार्च महिन्यात हाबिष्ट व सोलोविन पॅरिस शहरी भेटले. दोघेही आता वृद्ध झाले होते. जगद्विख्यात झालेले आइन्स्टाइन दूर अमेरिकेत होते. दोघांनी त्यांना पोस्टकार्ड धाडले : अकादमीची सभा भरली आहे, अध्यक्षांची खुर्ची मात्र रिकामी आहे.

एप्रिलमध्ये उत्तर आले. ७४ वर्षांच्या त्या शास्त्रज्ञाने ते मित्रांना नव्हे, तर खुद्द अकादमीलाच उद्देशून लिहिले होते. तिचे तिन्ही सभासद निदान टिकाऊ तरी निघाले, असे त्यात होते.