भाकरी थापून दाखवता का, आज्जी?

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, हातात ताकद कधी येणार?" प्रश्न रास्त आहे, पण त्याने काम भागत नाही. मूठ घट्ट आवळता येते आणि तरीही लुगड्याचा काष्टा घालता येत नाही, तांब्याने पाठीवर पाणी घेता येत नाही, असं अनेकदा होतं. रोजच्या जगण्यात काय जमतं, काय अडतं आणि नेमकं कशामुळे अडतं, हे शोधून काढणारा तज्ज्ञ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. फिजिओथेरपिस्टचा भर स्नायू, सांधे आणि चालण्यावर असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट माणसाला त्याच्या कामासकट आणि घरासकट पाहतो.

भारतात या विद्येचं शिक्षण सुरू झालं ते मुंबईत, १९५० साली, केईएम रुग्णालयात. जन्माने अमेरिकन आणि लग्नानंतर निंबकरांची सून झालेल्या कमलाबाईंनी ते उभं केलं. तरीही भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इकडच्या घरांत हा तज्ज्ञ काय तपासतो हे फारसं माहीत नसतं. घरच्यांनी तयारी नीट केली नाही तर ही तपासणी फसते, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

सुरुवात गप्पांनी होते. सकाळी कोण उठवतं, आंघोळ कुठे होते, दिवसभर काय करता, आजारपणाआधी काय करत होता. मग रुग्णाला विचारलं जातं, यातलं कोणतं काम तुम्हाला पुन्हा करायचं आहे? कॅनडात तयार झालेल्या एका पद्धतीत ती कामं रुग्णच निवडतो आणि प्रत्येक काम किती जमतं व त्यावर आपण किती समाधानी आहोत, याला एक ते दहा गुण देतो. मुलाला वाटत असतं वडिलांनी चालायला लागावं आणि वडिलांच्या मनात असतं की आधी संडासाला कुणाच्या आधाराशिवाय जाता यावं. उपचाराची दिशा वडिलांच्या उत्तरावरून ठरायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

यानंतर येतं बघणं, आणि खरी तपासणी तीच. सदरा घालून दाखवा, चहा करून दाखवा, भाकरी थापून दाखवा. ज्वारीच्या एका भाकरीत किती गोष्टी येतात पाहा. पीठ किती, पाणी किती गरम याचा अंदाज, मळायला दोन्ही हातांचा जोर, थापताना बोटांची लय, ती अलगद उचलून तव्यावर टाकणं, पाणी फिरवून वेळेवर उलटणं आणि शेवटी गॅस आठवणीने बंद करणं. आज्जीची भाकरी फाटली तर दोष बोटांचा असेल. पीठ न घेताच तवा तापवून त्या नुसत्या उभ्या राहिल्या, तर अडचण कामाचा क्रम लावण्यात आहे, आणि त्यावर हाताचे व्यायाम पुरणार नाहीत. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो आणि घरचे म्हणतात, भूक मेली.

गुण मांडायला ठरलेले तक्तेही असतात. १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक आजही जगभर वापरतात. त्यात जेवण, आंघोळ, कपडे, लघवी-शौचावरचा ताबा, खाटेवरून खुर्चीत बसणं, जिना चढणं अशा दहा बाबी आणि एकूण शंभर गुण असतात. पण शंभर गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही, हे तो तयार करणाऱ्यांनीच तेव्हा लिहून ठेवलं होतं. स्वयंपाक, बाजारहाट, औषधं वेळेवर घेणं, पैशांचा हिशोब, हे त्यात नाहीच. त्यासाठी १९६९ चा लॉटन आणि ब्रॉडी यांचा वेगळा तक्ता आहे.

आणि आपल्याकडच्या कितीतरी गोष्टी या तक्त्यांत मावत नाहीत. जमिनीवर मांडी घालून जेवायला बसणं, तिथून उठणं, उकिडवं बसून शौचाला जाणं, धोतर नेसणं, शेताच्या बांधावरून चालणं. बीदरचा बिदरी कारागीर दिवसभर खाली बसून छिन्नी-हातोडीने कोरतो आणि बारीक चांदीची तार ठोकून बसवतो. त्याच्या मनगटाची तपासणी पेन धरायला लावून पुरी होणार नाही. उजवा हात गेलेल्या माणसाला डाव्या हाताने चारचौघांत जेवायची लाज वाटते, म्हणून तो पंगतीला जाणं टाळतो, घरीही अर्धपोटी उठतो. तक्त्यात त्याला जेवणाचे पूर्ण गुण पडतील. हे तुम्ही सांगितल्याशिवाय तपासणाऱ्याला कळणार नाही.

भाषेचंही तसंच. आपल्या सीमाभागात घरात मराठी आणि दवाखान्यात कन्नड किंवा हिंदी असं सर्रास चालतं. पक्षाघाताने बोलणं अडखळलेल्या माणसाला घरची भाषाच लागते. सोबत गेलेल्याने प्रश्न मराठीत सांगावा, उत्तर मात्र रुग्णाला देऊ द्यावं, वेळ लागला तरी थांबावं. "आम्हीच घालतो की सगळं" या प्रेमाच्या वाक्यामुळे पुष्कळदा खरी स्थिती झाकली जाते. करता येणं आणि रोज करणं यांत फरक असतो, आणि तज्ज्ञाला दोन्ही कळायला हवं.

जाताना चष्मा, कानाचं यंत्र, काठी आणि रोजच्या चपला घेऊन जा. नवे कपडे नकोत, घरात घालतात तेच घाला. न्हाणी, संडास, उंबरा आणि पायऱ्यांचे फोटो मोबाइलवर काढा, दाराची रुंदी मोजून लिहा. पार्किन्सनचा रुग्ण असेल तर गोळी किती वाजता घेतली ते सांगा, कारण गोळीचा असर असताना आणि उतरल्यावर तोच माणूस वेगळा दिसतो. आधी दोन-तीन दिवस, पडण्याची भीती नसेल अशा कामांत, मदतीचा हात जरा आखडता घ्या आणि काय होतं ते टिपून ठेवा.

अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे ही तपासणी नव्हे. २०१६ च्या कायद्याखालच्या बऱ्याच सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे, म्हणून दाखला जरूर काढा. पण घरात कठडा कुठे बसवायचा, हे तो दाखला सांगणार नाही.

एक इशारा. काल बटण लावणाऱ्याला आज अचानक ते जमेना, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर कोणत्याही थेरपिस्टची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

लहान गावात हा तज्ज्ञ सापडणं अवघड असतं. म्हणून बीदर, कलबुर्गी, सोलापूर, लातूर किंवा हैदराबाद, जिथे उपचार चालू असतील तिथून घरी सोडण्याआधीच डॉक्टरांना विचारा, "ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासणी इथे होईल का? नसेल तर कुठे पाठवाल?" आणि उत्तर डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.