चर्चच्या भिंतीवरचा गिलावा



जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेत आपल्यापैकी पुष्कळजण संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला जाऊन आले आहेत. तिच्या तांबूस, उघड्या भिंती पाहून “किती प्राचीन वास्तू!” असे सहज तोंडून निघते. परंतु हे रूप प्राचीन नाही. १५९४ साली या चर्चचे बांधकाम सुरू झाले व १६०५ साली तिचा अभिषेक झाला. पुढे तीन शतकांहून अधिक काळ तिच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांच्या सांगण्यावरून तो काढण्यात आला. हेतू वाईट नव्हता. दगड दिसला की चर्च अधिक पुरातन वाटेल, अशी समजूत होती.

पण तो दगड जांभा आहे. जांभा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो आणि पावसाच्या माऱ्याने झिजतो. चुन्याचा गिलावा पाऊस अंगावर घेतो आणि भिंतीत शिरलेली ओल बाहेरही पडू देतो. तो झिजला की पुन्हा करता येतो. झिजलेला जांभा पुन्हा मिळत नाही. दर्शनी भागातील कोरीव काम वसईहून नेलेल्या काळ्या दगडात आहे, म्हणून ते जास्त टिकाव धरते. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल आजही पांढरे आहे. बासिलिकेला पुन्हा गिलावा करावा, अशी मागणी आता जाणकार करीत आहेत.

तत्त्वज्ञानात वस्तूचे सार आणि तिचे बाह्य गुण असा भेद शिकवतात. गिलावा हा केवळ बाह्य गुण वाटतो. पण इथे त्याच्यावाचून सारच धोक्यात आले!

आपल्या धर्मग्रामासाठी यात तीन धडे आहेत.

१. जुन्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंट किंवा टाइल्स लावल्या की ओल आत कोंडते व भिंत आतून पोखरते. आईवडिलांच्या स्मरणार्थ टाइल्स देऊ करणाऱ्यांची श्रद्धा मोलाची आहे. मात्र तेच दान छपराच्या दुरुस्तीला दिले तर चर्च अधिक वर्षे उभी राहील.

२. जुन्या लाकडी मूर्तींना फेस्तासाठी ऑइलपेंट फासू नये. मौल्यवान मूर्तींची दुरुस्ती बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही (कॅनन ११८९).

३. चर्चच्या बांधकामात व दुरुस्तीत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा (कॅनन १२१६) आणि देवाच्या घराची स्वच्छता व शोभा राखावी (कॅनन १२२०), असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. पावसाळ्यापूर्वी कौले, पन्हळी आणि भिंतीत रुजलेली पिंपळाची रोपे पाहणे, ही जतनाची पहिली पायरी आहे.

संत पेत्र आपल्याला जिवंत दगड म्हणतो. ज्या भिंतींच्या आड आपल्या पूर्वजांचे स्नानसंस्कार, विवाह व अंत्यविधी झाले, त्या आपण पुढच्या पिढीच्या वतीने सांभाळत आहोत. त्या आपल्या मालकीच्या नाहीत.

समूहात चर्चेसाठी : आपल्या चर्चमधील सर्वांत जुनी वस्तू कोणती? तिची देखभाल आज कोण करते?

आपले धर्मगुरू