बक्षीस आणि गोडी

वाचन: मत्तय ६:१–४



शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील मुलांसाठी तुम्ही प्रेमाने वह्या, खाऊ पाठवता. “रोज वर्गाला येणाऱ्याला बक्षीस द्या,” असेही काही जण सुचवतात. त्या सूचनेचा या पाठात विचार करू.

मूल दोन कारणांनी काम करते. एक बाहेरचे: बक्षीस, शाबासकी, छडीची भीती. दुसरे आतले: कामाचीच गोडी. पावसात खाचरातले खेकडे शोधणारे मूल तासन् तास थकत नाही. तिथे त्याला कोणी गुण देत नाही.

बक्षिसाने ही गोडी वाढते का? अमेरिकेतील लेपर, ग्रीन व निस्बेट यांचा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतील काही मुलांना त्यांनी आधीच बक्षीस कबूल केले, काहींना अचानक दिले, काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिले, तर बक्षीस कबूल केलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली.

आपल्या भागातला दाखला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचा. १९४५ साली त्यांनी बोर्डीत काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्याच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा भरली. बिया, पाने, शिंपले हीच साधने झाली.  त्यांनी शाळाच मुलाजवळ नेली.

मग काही देऊच नये का? तसे नाही. जेवण, चप्पल, वही या गरजा आहेत. त्या हजेरी न मोजता भागवाव्यात. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलाला पूर्ण हजेरीचे बक्षीस कधीच मिळणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून बक्षिसांऐवजी सर्वांना हाताळता येतील असे रंग, कागद, गोष्टींची पुस्तके द्या. भेटीला आलात तर “हुशार आहेस” एवढ्यावर न थांबता “हा बैल कसा काढलास?” असे विचारा. मूल सांगू लागेल.

चिंतनासाठी:
१. आपल्या घरातले मूल कोणते काम कोणी न सांगता करते?
२. आपले दान नाव छापून आले नाही, तरी आपण तेवढ्याच आनंदाने देऊ का?