एकच बोर्ड घ्यायचा तर कोणता?

प्रश्न : गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकलो. आता स्वतःचा एकच बोर्ड घ्यायचा आहे. हनुवटीपर्यंत येईल तो घ्यावा, असे सांगतात. आणि ‘ऑल-माउंटन’ बोर्ड खरेच सगळीकडे चालतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी हनुवटीचे पाहू. हे माप जुने आहे आणि अंदाजापुरतेच खरे. बोर्डाला तुमची उंची कळत नाही, त्याच्यावर पडते ते वजन. तेच वजन बोर्डाला वाकवते. वजनाच्या मानाने बोर्ड लांब असला तर वळवायला जड जातो; आखूड असला तर वेगात थरथरतो आणि भुसभुशीत बर्फात रुततो. म्हणून कंपनीच्या तक्त्यात पहिल्यांदा आपले किलो शोधा.

रुंदीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बोर्डावर आपण आडवे उभे असतो. बूट मोठा आणि बोर्ड अरुंद असेल, तर बोर्ड कडेवर झुकताच बुटाचे टोक बर्फात घासते, कड सुटते आणि माणूस पडतो. एक-दोन सेंटिमीटर बूट बाहेर आला तर चालते. त्याहून जास्त येत असेल तर ‘वाइड’ प्रकारच घ्यावा.

आता ‘ऑल-माउंटन’. ही एक तडजोड आहे, पण चांगली. ‘कॅम्बर’ बोर्ड मध्ये धनुष्यासारखा उचललेला असतो. वर उभे राहिले की दाब कडेच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचतो, त्यामुळे कठीण बर्फावर पकड मिळते. ‘रॉकर’ची टोके वर वळलेली, म्हणून तो खोल बर्फावर तरंगतो, कठीण बर्फावर मात्र निसटतो. सगळीकडे चालणाऱ्या बोर्डांत बहुधा दोन्हींची सांगड असते : पायांखाली कॅम्बर, टोकाला रॉकर.

तुमचा ओढा कुठे आहे, त्यावर पुढचे ठरते. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटवर जवळपास ४,००० मीटरपर्यंत नेतो. तिथला खोल, न दाबलेला बर्फ हवा असेल तर पुढचे टोक किंचित लांब असलेला ‘डायरेक्शनल ट्विन’ घ्या. औलीसारख्या दाबून सपाट केलेल्या उतारांवरच रमत असाल तर कॅम्बर जास्त असलेला बरा. उड्या मारायच्या आणि उलटे उतरायचे, तर दोन्ही टोके सारखी असलेला ‘ट्विन’.

लवचिकता मध्यम ठेवा, दहापैकी पाच-सहा. हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने देते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करू नका.

आणि पैसे मोजके असतील तर आधी नीट बसणारे बूट विकत घ्या. बोर्ड भाड्याने मिळतो.