रूथ २ : हंगामापुरतं काम

आजचं वाचन : रूथ, अध्याय २. सोबत लेवीय १९:९-१० आणि अनुवाद २४:१९ पण काढून ठेवा.



रूथचं पुस्तक आपण बहुतेक वेळा लग्नात नाहीतर सासू-सुनेच्या उपदेशात ऐकतो. आज मला ते नोकरीच्या बाजूने वाचायचंय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या कॉन्ट्रॅक्टवर आहेत, आणि "ब्रदर, कामाच्या रगाड्यात विश्वास कसा टिकवायचा" हा प्रश्न सारखा येतोय.

रूथचं काम होतं सरवा वेचणं. कापणी करणाऱ्यांच्या मागून चालायचं आणि त्यांच्या हातून सुटलेली कणसं उचलायची. नेमणूक नाही, पगार नाही. वचन २३ बघा, जवाची आणि गव्हाची कापणी संपली की काम संपलं. शिवाय ती मवाबी, म्हणजे परकी. वचन २२ मध्ये नामी तिला दुसऱ्या शेतात जाऊ नको म्हणते, कारण तिथे कुणी त्रास देईल ही भीती खरी होती.

कबनूरमध्ये वाढलेल्याला हे लांबचं वाटत नाही. इचलकरंजीचा पंचगंगा साखर कारखाना इथून जवळच. गाळपाचा हंगाम आला की बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. वर राहिलेलं वाडं जनावरवाल्यांना विकून चार पैसे सुटतात. मला तर ते वाडं म्हणजे आपल्याकडचा सरवाच वाटतं. उन्हाळा लागला की कोप्या मोडायच्या आणि परत गावी.

रूथने काम कसं केलं तेही बघा. आधी मुकादमाला विचारलं, मग सकाळपासून उभी राहिली, मध्ये थोडाच विसावा (वचन ७). संध्याकाळी झोडून एफाभर जव निघाले, आजच्या हिशोबाने साधारण २२ लिटर. दुपारच्या जेवणातलं उरलेलं तिने सासूसाठी बांधून नेलं. आपल्या डब्यातलं परत घरी आणणारी आई आपण सगळ्यांनी पाहिलीय. या अध्यायात रूथ कुठे प्रार्थना करताना दिसत नाही. देवाचं नाव शेतात घेतो तो बवाज, तेही कामकऱ्यांना नमस्कार करताना (वचन ४). रोजचा शांतसमय चुकला म्हणून स्वतःला दोष देणाऱ्यांनी हे वचन जरा सावकाश वाचावं. शांतसमय नको असं मी म्हणत नाहीये.

आता माझी गोष्ट. मागच्या वर्षी मी सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर होतो. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला लॉगिन आणि पहाटे साडेतीनला सुट्टी. बाहेर मागांचा खडखडाट, आत माझा कीबोर्ड. रिलीज असला की शनिवारची रात्र जायची. तीन रविवार उपासनेला गेलोच नाही. आई दारात उभी राहून म्हणायची, "उठतोस का रं, घंटा झाली." मी कूस बदलायचो.

मग एका गुरुवारी कळलं की कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही. दहा दिवस उरले. घराचा हप्ता डोळ्यासमोर आला.

महिनाअखेरीला एक फाईल जायची. सुट्ट्यांची यादी हाताने बदलली नाही तर ती फाईल समोरून परत यायची. हे फक्त मला माहीत होतं. बरोबरचा एक जण म्हणाला, "सगळं लिहून देऊ नकोस. अडले की तुलाच बोलावतील, मग रेट तू सांगायचास." खरं सांगतो, मला ते पटलं. हॅंडओव्हरच्या कागदात मी बाकी सगळं लिहिलं आणि ती एक पायरी सोडली. खोटं काही लिहिलं नव्हतं ना, अशी समजूतही घातली.

त्या आठवड्यात माझ्या वाचनात रूथ २ आला. वचन १६ आधी कित्येकदा वाचलं होतं. बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं काढून तिच्यासाठी टाका. नियमशास्त्राने शेताच्या कडा सोडायला आणि विसरलेली पेंढी परत न आणायला सांगितलं होतं. बवाज त्याच्या पुढे जातो. मी इतके दिवस स्वतःला रूथच्या जागी धरून चाललो होतो. कॉन्ट्रॅक्टवाला, परका, टीमच्या जेवणाला न बोलावलेला. पण त्या फाईलपुरतं शेत माझ्या हातात होतं, आणि मी कडेपर्यंत कापून नेत होतो.

हॅंडओव्हरच्या कॉलवर कळलं की माझ्या जागी येणारा मुलगाही कॉन्ट्रॅक्टवरच, तोही तीनच महिन्यांसाठी. महिनाअखेरीला फाईल परत आली असती तर शिव्या त्यानेच खाल्ल्या असत्या. कॉल संपल्यावर मी ती पायरी लिहिली, स्क्रीनशॉटसकट, आणि त्याला दोनदा करून दाखवली.

मला परत कुणी बोलावलं नाही. पुढचे दोन महिने घरीच होतो आणि एक हप्ता बहिणीने भरला. त्या काळात वचन १६ वाचून राग यायचा, तो मी प्रार्थनेत तसाच बोलून दाखवला.

वचन ३ मध्ये रूथ त्या शेतात योगायोगाने पोचते. ना. वा. टिळकही १८९३ मध्ये नोकरीच्याच निमित्ताने राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं, आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ती नोकरी आज कुणाला आठवते?

आज कामावर बसण्याआधी दहा मिनिटं काढा आणि लेवीय १९:९-१० वाचून एकच गोष्ट लिहा : माझ्यानंतर या जागी बसणाऱ्यासाठी मी काय धरून ठेवलंय? ज्यांचं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय त्यांनी मला कळवा, शुक्रवारच्या प्रार्थनेत नावं घेऊ.

उद्या रूथ ३.