धातुशोधकाची बॅटरी लवकर का उतरते?

जमिनीत धातू नसेल तर धातुशोधक यंत्र गप्प राहते. बॅटरी क्षीण झाली तरीही ते पुष्कळदा गप्पच राहते. या दोन मौनांतील फरक कानाला कळत नाही. 1942 साली अल अलामीनच्या लढाईत युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने रचलेले शोधक घेऊन सैनिक पेरलेल्या सुरुंगांतून वाट काढीत होते, तेथे या फरकाचे मोल प्राणाइतके होते. आजही सुरुंग काढणारे लोक कामाला लागण्यापूर्वी धातूच्या ठराविक तुकड्यावर यंत्र धरून ते वाजते की नाही हे पाहतात. शेतात हरवलेली अंगठी शोधणाऱ्या हौशी माणसालाही हीच सवय हितावह ठरेल.

पहिली फसगत होते ती मोजणीत. सुटा शुष्क घट मीटरला जोडला की तो जवळजवळ दीड व्होल्ट दाखवतो आणि मनुष्य निर्धास्त होतो. वस्तुतः घट वापरला जातो तसतसा त्याचा अंतर्गत रोध वाढत असतो. मीटर अत्यल्प प्रवाह घेत असल्यामुळे हा रोध तेथे प्रकट होत नाही. यंत्राच्या वेटोळ्यात प्रवाह वाहू लागला की मात्र व्होल्टता घसरते. म्हणून मोजणी यंत्र चालू ठेवूनच करावी, आणि तीही प्रत्येक घटाची स्वतंत्रपणे. आठांपैकी एकच घट निकामी असला तरी सबंध संच दुबळा भासतो. पुनर्भारित होणारा निकेलचा घट मुळातच 1.2 व्होल्टचा असतो. आठांचे 12 ऐवजी 9.6 व्होल्टच होतात, हा काही दोष नव्हे.

घट चांगले असूनही यंत्र अडखळत असेल, तर स्प्रिंगा व पत्र्याच्या पट्ट्या पाहाव्यात. गळलेल्या अल्कलाइन घटातील क्षाराचा पांढरा थर प्रवाहाला अडवतो. व्हिनेगरात किंचित भिजवलेल्या कापसाने तो पुसून जागा पूर्ण कोरडी करावी.

सर्वांत लबाड दोष तिसरा. समजा, नऊ व्होल्टच्या बॅटरीची धारणा 500 मिलिअँपिअर-तास आहे. चालू यंत्राने 50 मिलिअँपिअर घेतले तर ती सुमारे दहा तास पुरेल. परंतु कळ बंद असतानाही 5 मिलिअँपिअर झिरपत राहिले, तर शंभर तासांत, म्हणजे चार दिवसांच्या आसपास, ती पेटीत पडल्यापडल्याच रिकामी होईल. अशा वेळी नवी बॅटरी विकत आणून काय उपयोग? बॅटरीची एक तार सोडवून मधे मिलिअँपिअरमापक जोडावा. कळ बंद असता काटा शून्याजवळ स्थिर राहिला पाहिजे. तो हलला तर संशय दमट झालेल्या मंडलफलकावर, झिजलेल्या कळीवर किंवा जुन्या धारित्रावर घ्यावा. दुरुस्ती होईपर्यंत काम संपताच घट काढून ठेवणे बरे.